ते वाक्य लांजेवाल्यांचं नव्हतं

आई,

लांजेवाले काका ते वाक्य बोलले नव्हते. ते मी बोलले होते. तुला जाऊन आता चाळीस वर्षं होत आली, त्याआधी वीस-पंचवीस वर्षं तू माझ्यासमोर होतीस, आणि एवढ्या काळात हे एवढंसं सांगायला माझी जीभ उचलली नाही. आता कागद पुढे घेतला तर पहिलं हेच आठवलं, की तुला वाचता येत नव्हतं. गावाहून पत्र आलं की तू ओले हात पदराला पुसून ते माझ्यापुढे धरायचीस आणि म्हणायचीस, "वाच. पण तुझ्या मनाचं काही घालू नकोस." म्हणजे हे पत्रही तुला वाचून दाखवायला मीच हवी. तुझ्या तोंडाकडे बघत मी ते वाचू शकले असते तर लिहायची वेळच आली नसती.

लालबागच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, बाबा गेल्यावर, तू खानावळ घातलीस तेव्हा मी सात वर्षांची होते. सगळी माणसं कोकणातली, गिरणीतली, बायकापोरं गावाला ठेवून आलेली. तू त्यांना नावाने कधी हाक मारली नाहीस. ज्याचं जे गाव तेच त्याचं नाव. "राजापूर, भात घे." "देवगड, आज बांगडा आहे, लवकर ये." वडीलधारे म्हणून एकट्या लांजेवाल्यांना तू 'अहो' म्हणायचीस, मी काका म्हणायचे. ते भिंतीकडच्या पंगतीत पहिले बसायचे. माणसं दोन पाळ्यांत जेवायची, आणि दुसऱ्या पाळीची माणसं जेवत असताना सुट्टीच्या दिवशी मी दाराच्या चौकटीला टेकून वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. त्याबद्दल तू मला कधी हटकलं नाहीस. उलट कोणी मध्ये बोललं तर तूच डाव हातात धरून म्हणायचीस, "बाय वाचतेय ना." दादरच्या शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं तेव्हा तो पेला तू मिठाच्या बरणीशेजारी मांडून ठेवलास, जेवायला बसलेल्या प्रत्येकाला दिसेल असा.

ती सगळी वर्षं संयुक्त महाराष्ट्राच्या सभांची होती. शिवाजी पार्कवर सभा असली की अर्धी खानावळ रिकामी. परत आले की लांजेवाले काका भाषणातलं एखादं वाक्य घेऊन यायचे आणि ते दोनदा म्हणायचे, कापड दोन बोटांत धरून पारखावं तसं. मग गोळीबार झाले. आपला संगमेश्वर मोर्चातसुद्धा नव्हता. पाळी सुटली म्हणून घरी येत होता आणि परळच्या नाक्यावर त्याला गोळी लागली. त्याच्या जागेवर तू कितीतरी दिवस कोणाला बसू दिलं नाहीस. माणसं जेवायची आणि त्या मोकळ्या पाटाकडे बघून एकच बोलायची, की ज्यांनी गोळ्या झाडल्या, ज्यांनी झाडायला लावल्या, त्यांना फासावर लटकवलं पाहिजे. तू वाढत राहायचीस.

राजापूर आणि देवगडचं झालं ते त्यानंतरच्या शिमग्याला. राजापूर सण करून गावाहून आला आणि ही माणसं राहायची त्या गाळ्यात, चारचौघांत, हसत हसत देवगडच्या बायकोबद्दल काहीतरी बोलला. काय बोलला ते मला कधी कोणी सांगितलं नाही. कोर्टात सांगितलं गेलं, पण तिथे मी नव्हते. देवगड त्या दिवशी गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी कामावर गेला, आपल्याकडे जेवला. त्या दुपारी तो माझ्याकडे आला आणि घरी पत्र लिहायचं आहे म्हणाला. मी कागदावर वर श्री लिहिलं, पेन उचलून बसले. तो बराच वेळ बसला आणि म्हणाला, "राहू दे गो, नंतर." माझा कागद फुकट गेला म्हणून मी चिडले होते. तिसऱ्या दिवशीही तो जेवला. चौथ्या दिवशी सकाळी नळावर राजापूर तोंड धूत असताना, गावाहून नारळ सोलायला आणलेल्या कोयत्याने त्याने त्याला मारलं. दहा माणसांनी पाहिलं. तो पळाला नाही. खाली बसून राहिला.

त्या तीन दिवसांनीच त्याचा घात केला. रागाच्या भरात केलं असं म्हणायला जागा उरली नाही. थंड डोक्याने, ठरवून केलं असं कोर्टाने मानलं आणि फाशीची शिक्षा दिली. वरच्या कोर्टातही तेच टिकलं. तुझ्या डोक्यातूनही ते तीन दिवस जात नव्हते, पण तुझं कारण वेगळं होतं. तू शेगडीशी बसून स्वतःशीच म्हणायचीस, "तीन दिवस मी त्याला वाढलं. माझ्यासमोर बसून जेवला. मला कसं दिसलं नाही?" मी म्हणायचे, आई, तुला कसं दिसणार. तू म्हणायचीस, "मी नाही बघायचं तर कोणी बघायचं?"

गिरगावात एक म्हातारे वकील होते. त्यांनी दयेचा अर्ज तयार केला आणि सांगितलं की ज्यांनी दोघांनाही ओळखलं, दोघांबरोबर काम केलं, एका पंगतीत जेवले, अशांच्या सह्या जोडल्या तर बरं. तो कोरा कागद घेऊन आपण दोघी ट्रामने परत आलो. तू तो मिठाच्या बरणीखाली ठेवलास. माणसं सही करतील यात तुला शंका नव्हती. मलाही नव्हती. पहिले दोन दिवस सगळे तसंच बोलत होते. घरी म्हातारी आई आहे. माणूस वाईट नव्हता. बायकोवरून बोललं तर कोणाचं डोकं फिरणार नाही. रविवारी जेवणं झाली की सह्या करू असं ठरलं होतं.

तो रविवार. साडेबारा वाजलेत. नळावर आपली बारी आली म्हणून तू कळशी घेऊन गॅलरीच्या टोकाला गेली आहेस आणि मला म्हणाली आहेस, आमटीकडे बघ. दोन्ही पंगती भरल्यात. राजापूरचा धाकटा भाऊ दाराजवळ सगळ्यांत शेवटी बसला आहे. भावाच्या जागेवर गिरणीत लागला तेव्हापासून तो आपल्याकडेच जेवतो आणि कोणाशी बोलत नाही. माणसं अर्जाबद्दल बोलताहेत, त्याच्यासमोर, जणू तो तिथे नाहीच. मी त्याच्याकडे बघते. तो भाताचा एकच घास बोटांनी कालवत बसलाय. आणि मी बोलते. मी म्हणते, संगमेश्वरवर ज्यांनी गोळी झाडली त्यांना सोडू नका म्हणून आपण मोर्चे काढतो. मग राजापूरला ज्याने मारलं त्याला सोडा म्हणून आपण सही कशी करायची? मारणारा आपला म्हणून न्याय वेगळा का?

पुढे आयुष्यभर मी स्वतःला सांगत आले की मला त्या भावाची कीव आली होती. आली असेलही. पण ते वाक्य तोंडातून पडताना मला कळलं होतं की चांगलं जमलंय. सगळ्यांचे हात थांबले. लांजेवाले काकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि ते शेवटचं तेवढंच हळू आवाजात म्हणाले, "मारणारा आपला म्हणून न्याय वेगळा का." आणि पुन्हा एकदा म्हणाले. तू कळशी घेऊन आत आलीस तेव्हा सगळे खाली मान घालून जेवत होते. जेवणं झाली, माणसं हात धुऊन उठली, आणि कागद कोणी मागितला नाही.

वाक्याला पाय फुटतात हे मला माहीत नव्हतं. शाळेत आपण बोलतो, टाळ्या वाजतात, परीक्षक घंटी मारतात, संपलं. इथे ते दुसऱ्या दिवशी गिरणीच्या फाटकावर होतं, कारण काकांना चांगलं वाक्य आपल्याजवळ ठेवता यायचं नाही. आठवड्याभरात ते शेजारच्या खानावळींत होतं. तू कागद घेऊन बाहेर पडलीस, लिहायला म्हणून मला बरोबर घेतलंस, आणि पहिल्याच चाळीत एक माणूस, जो मला ओळखतसुद्धा नव्हता, तुला म्हणाला, "मावशी, तुमचं दुःख कळतं. पण मारणारा आपला म्हणून न्याय वेगळा का?" तू माझ्याकडे पाहिलंस. तुला वाटलं मी काहीतरी उत्तर देईन. मी शिकलेली होते ना. मी टाकाचं टोक पुसत राहिले.

मग काळाचौकीला एका बाईने सांगून टाकलं, हे तर तुमच्याच खानावळीतून निघालंय. त्या दुपारी तू माणसांना वाढलंस, सगळ्यांचं पोटभर होऊ दिलंस आणि मग मधोमध उभी राहून विचारलंस, "हे कोण बोललं आधी?" मी शेगडीपाशी होते. पंगतीतल्या कित्येकांना ठाऊक होतं. कोणाचेही डोळे माझ्याकडे वळले नाहीत, कारण सगळे लांजेवाल्या काकांकडे बघत होते आणि त्यांनी हात झटकून तोंड उघडलं होतं.

"मी बोललो," ते म्हणाले.

तू म्हणालीस, "तुम्ही? तुमच्या घरी चार मुलगे आहेत."

"मी बोललो," एवढंच ते पुन्हा म्हणाले.

तू खाली वाकून त्यांच्यापुढचं जर्मलचं ताट उचललंस. "उद्यापासून तुमचं ताट नाही माझ्याकडे." अकरा वर्षं ते आपल्याकडे जेवत होते. ते उठले, चूळ भरली, खुंटीवरची टोपी घातली. जाताना माझ्या जवळून गेले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मॅट्रिकचा अभ्यास कर." मी काही बोलले नाही, आई. ते जिना उतरत होते तेव्हाही हाक मारता आली असती. त्यांच्या वहाणांचा आवाज तळमजल्यापर्यंत ऐकू येत होता.

त्यानंतरचे सहा आठवडे मी वेड्यासारखी तुझ्याबरोबर फिरले. तुला वाटलं पोरगी किती मायाळू. लालबाग, काळाचौकी, परळ, एकेक जिना. मी बोलून बिघडवलं होतं तर बोलूनच दुरुस्त करता येईल असा माझा हिशेब होता. दादरला हिंदमाता थेटराच्या मागे राहणाऱ्या माझ्या सरांकडे मी गेले, ज्यांनी मला वक्तृत्व शिकवलं होतं. ते फाशीच्या पूर्ण विरुद्ध होते. दीड तास त्यांनी मला समजावलं. न्यायाधीश हा माणूस आहे, माणसाची चूक होते, आणि फाशी दिल्यावर चूक परत घेता येत नाही. जे कृत्य आपण गुन्हा म्हणतो तेच सरकारने करू नये. फाशीने खून थांबले असते तर केव्हाच थांबले असते. मी सगळं उतरवून घेतलं आणि मग कागद पुढे केला. सरांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला. म्हणाले, तत्त्व वेगळं आणि हा माणूस वेगळा. उघड उघड कोयत्याने मारलेल्या माणसासाठी मी सही केली तर तत्त्वाचंच नुकसान होईल. त्यांनी मला चहा दिला. सही दिली नाही.

त्यांचे मुद्दे घेऊन मी गिरणगावात आले. चूक होऊ शकते म्हटलं की लोक म्हणत, कसली चूक? दहा जणांनी डोळ्यांनी पाहिलंय. सरकारने मारू नये म्हटलं की म्हणत, आमच्यावर गोळ्या झाडताना कुठे होतं हे? जेवढी मी जास्त बोलत होते तेवढे ते जास्त घट्ट होत होते. ज्यांनी आधी फारसा विचार केला नव्हता तेही माझ्याशी वाद घालता घालता फाशीच्या बाजूचे झाले. हे मला दिसत होतं आणि तरी मला थांबता येत नव्हतं. शेवटी तू एका जिन्यावर मला थांबवलंस आणि म्हणालीस, "बाय, तू बोललीस की माणसं जिंकायला बघतात. तू लिहायचं काम कर." मग तू नुसती जाऊन बसायचीस. सांगायचीस, माझ्याकडे जेवायचा. दोघंही जेवायचे. मला त्या तीन दिवसांत काही कळलं नाही. बस्स. आणि अंगठे मिळू लागले, थोडे, फार थोडे. परळची ती कोळीण आठवते? म्हणाली, "फाशी त्याला व्हायलाच पाहिजे. पण तू जिने चढून आलीस. घे अंगठा." मी तिचा शाईचा अंगठा कागदावर धरून ठेवला होता आणि मला काही म्हणजे काही कळत नव्हतं, की मनात फाशी असलेली बाई अंगठा देते आणि मनात दया असलेला माणूस चहा देतो.

देवगडची आई गावाहून आली ती त्याच दिवसांत. पाठीत वाकलेली, हातात गाठोडं, गाठोड्यात मुलासाठी कुळीथ. ती आपल्याकडे राहिली आणि दुसऱ्या दिवसापासून मासे साफ करायला बसली. एकदा मी तिच्याशेजारी बसून अर्जात काय लिहिलंय ते सांगत होते. तिने सुरी खाली ठेवली. "गो बाय," ती म्हणाली, "माझ्या झिलान मारल्यान, ता माका ठावक आसा. पण माका सांग, आता त्येका कोण मारतलो? त्या माणसाचा आणि ह्येचा काय वैर आसा?" सरांच्या दीड तासात हे नव्हतं. पुढे चार घरी मी तिचं म्हणणं सांगून पाहिलं, पण माझ्या तोंडी आल्यावर त्याचंही वाक्यच झालं. लोकांनी त्याला उत्तर दिलं.

वकील म्हणाले होते, मेलेल्याच्या घरच्यांची सही मिळाली तर तिचं वजन सगळ्यांहून जास्त. राजापूरच्या भावाला विचारायचं धाडस तुलाही होत नव्हतं. मीच विचारलं. म्हातारी मासे आणायला खाली गेली होती तेव्हा, तू नाही म्हणत असताना, तो जेवत असताना. मी त्याला म्हटलं, देवगडला फाशी देऊन तुमचा भाऊ परत येणार आहे का? त्याने घास खाली ठेवला. पहिल्यांदाच त्याचा आवाज मी नीट ऐकला. तो म्हणाला, "परत येणार नाही हे मला माहीत आहे. पण जो तो मला हेच सांगतो, आणि दर वेळी वाटतं की खबर आजच आली." मी पुढे काही बोलणार तोच तू माझा दंड धरलास. इतका घट्ट, की तुझ्या बोटांचे वळ उठले. "गप्प बस," तू म्हणालीस. "त्याला जेवू दे."

अर्ज पाठवायचा दिवस आला. मोजक्या सह्या आणि अंगठे घेऊन तो दिल्लीला गेला. आणि मग ते झालं ज्याची कोणी वाट पाहत नव्हतं. म्हातारी आता पंगतीत वाढतही होती. राजापूरचा भाऊ कोण हे तिला माहीत नव्हतं, आणि ती कोण हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती त्याला आग्रह करायची. एकटा पोरगा, बारीक झालाय म्हणून त्याच्या भातावर जास्त आमटी घालायची. तो नको म्हणायचा नाही. मग कोणीतरी तिला सांगितलं. ती मोरीच्या आडोशाला जाऊन बसली ती पंगत उठेपर्यंत बाहेरच आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्याने तुला विचारलं, "म्हातारी कुठे आहे?" तू मोरीकडे बघितलंस. तो उठला, खरकट्या हातानेच उभा राहिला आणि म्हणाला, "तिला सांगा वाढायला. आणि तो कागद असेल तर आणा."

कागद नव्हता. मी वहीचं पान फाडून चार ओळी लिहिल्या, त्याने हात धुऊन अंगठा केला, आणि मी धावत खाली उतरून ट्रामने एकटीच गिरगावला गेले. वकिलांनी ते पान त्याच दिवशी मागाहून पाठवलं. ते कोणाच्या हातात पडलं का, कोणी वाचलं का, की फाइलीला टाचायचंच राहून गेलं, हे आजवर मला कळलेलं नाही. मी मात्र रोज वाट पाहिली. शाळेतून येताना जिन्यात थांबून देवाला म्हणायचे की हे एवढं पान पोहोचू दे, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. अर्ज नामंजूर झाल्याचं कळलं तेव्हा तू तांदूळ निवडत होतीस. तू निवडत राहिलीस. म्हातारी म्हणाली, "म्हणजे काय झाला?" आणि तिला कोणी सांगेना.

शेवटच्या भेटीला तू तिला तुरुंगात घेऊन गेलीस. माझी मॅट्रिकची परीक्षा होती म्हणून मला नेलं नाहीस. कुळथाची पिठी डब्यात नेली होती, ती आत नेऊ दिली नाही. परत आल्यावर तू फक्त एवढंच सांगितलंस, की त्याने विचारलं, राजापूरचा भाऊ वेळेवर जेवतो ना. ज्या दिवशी सकाळी त्याला फाशी दिली त्या दिवशी मला वाटलं तू खानावळ बंद ठेवशील. तू चार वाजता उठून शेगडी पेटवलीस. दोन्ही पंगती बसल्या. राजापूरच्या भावाच्या ताटात भात तसाच होता. तू त्याच्यासमोर पाटावर बसलीस आणि तो जेवेपर्यंत उठली नाहीस. महिन्याभरात तोही गिरणी सोडून गावाला गेला.

नंतर संयुक्त महाराष्ट्र झाला, लालबागला रोषणाई झाली, मी शिक्षिका झाले, तुला दादरला घेऊन आले. काका मला एकदाच भेटले, हिंदमाताच्या बसस्टॉपवर. फार थकले होते, परळच्या कुठल्याशा खानावळीत जेवत होते आणि तिथलं जेवण तुझ्यासारखं नाही म्हणाले. मी शाळेत शिकवते हे ऐकून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाला ते सांगितलं. मी म्हणाले, काका, त्या दिवशी तुम्ही... त्यांनी हात हलवला. "तू पोर होतीस. तुला घर होतं, तिथे राहायचं होतं. मला काय, जेवायचंच होतं, कुठेही जेवलो." त्यांची बस आली. पुढच्या वर्षी ते वारल्याचं कळलं. मी तुला सांगितलं, तू भाजी चिरत होतीस. "त्या माणसाच्या जिभेने एक जीव गेला," तू म्हणालीस. मी समोर बसले होते. माझ्या तोंडात जीभ होती.

तुझ्या शेवटच्या आजारात, परळला इस्पितळात, मी एकदा सुरुवात केली. आई, लांजेवाले काका, एवढंच मी म्हणाले. तू डोळे न उघडताच म्हणालीस, त्याचं नाव काढू नकोस. आणि मी काढलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. तू मला गप्प केलंस असं मी इतकी वर्षं धरून चालले, पण तू फक्त दमली होतीस. मी तुझा हात हातात घेऊन तीन दिवस तिथे बसले होते, तू मध्ये मध्ये शुद्धीवर येत होतीस, आणि वेळ खूप होता.

एक आणखी. शाळेत मी तीस वर्षं मुलांना वादविवाद शिकवला. फाशीचा विषय दर चार वर्षांनी यायचा. दोन्ही बाजूंचे सगळे मुद्दे मला पाठ आहेत, आणि माझ्या त्या वाक्याला मी आजही उत्तर देऊ शकत नाही. ते खोटं नव्हतं. तेच मला खातं. खोटं असतं तर मी ते कधीच खोडून टाकलं असतं. कधी वाटतं, उत्तर तुला ठाऊक होतं आणि ते बोलण्यात नव्हतं. म्हणून तर तुला विचारायला हवं होतं, आणि ते मी केलं नाही.

पत्र इथेच ठेवते. पण ज्यामुळे आज लिहायला बसले ते राहिलं. परवा आमच्या इमारतीतली मुलं दारात आली होती. कुठेतरी एका लहान मुलीचे फार हाल करून तिला मारलंय. वाचून माझंही रक्त उकळलं होतं. त्या माणसाला फाशीच झाली पाहिजे म्हणून ती मुलं सह्या गोळा करत होती. त्यांच्यात एक मुलगी होती, सोळा-सतरा वर्षांची, ती सगळ्यांच्या वतीने बोलत होती आणि फार छान बोलत होती. मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. मला वाटलं, आता बोलायचं. देवगडच्या म्हातारीचं सांगायचं, भाताचं सांगायचं, काहीतरी. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, माझा हात कापतो गं, सही धड येत नाही. ती मुलगी हसली. म्हणाली, हरकत नाही आजी, आम्हीच लिहितो, तुम्ही फक्त पूर्ण नाव सांगा.

मी नाव सांगितलं, आई.